बी.ए. मराठीच्या तीन वर्षांत काय हाती लागलं?

रानजाई

माझी भाची यंदा बारावी झाली. तिला मराठी विशेष घेऊन बी.ए. करायचंय आणि घरात सगळ्यांचा एकच प्रश्न आहे, ते करून मिळणार काय? नोकरीबद्दल तिच्या आईवडिलांशी माझं सविस्तर बोलणं झालंय, तो विषय इथे नको. पण तिथे शिकायला काय मिळतं, हे तिला सांगता सांगता इतकं काही सुचत गेलं की सलग लिहून काढावंसं वाटलं.

मी मराठवाड्यात, गोदावरीच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकले. वडील शेतकरी. घरात पोथ्या, पंचांग आणि शाळेची पुस्तकं, एवढाच छापील मजकूर. पदवीनंतर टंकलेखन, लघुलेखनाच्या परीक्षा दिल्या आणि आज मी न्यायालयात लघुलेखक आहे. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश मजकूर सांगतात, मी टाइप करते. दिवसभर माणसांचं बोलणं ऐकायचं आणि ते कागदावर उतरवायचं. या कामाची खरी तयारी टायपिंगच्या क्लासपेक्षा मराठीच्या वर्गात झाली, असं मी अगदी मनापासून सांगते.

दुसऱ्या वर्षी आम्हाला मध्ययुगीन गद्य होतं आणि त्यात लीळाचरित्रातल्या, म्हणजे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींच्या ग्रंथातल्या, निवडक लीळा, म्हणजे छोटे छोटे प्रसंग. पहिल्या तासाला पुस्तक उघडलं तर भाषाच कळेना. तुटक वाक्यं, अनोळखी नावं. शिकवायला ज्या मॅडम होत्या त्यांनी काळ, कर्ता, वैशिष्ट्ये यातलं काही फळ्यावर लिहिलं नाही. एक लीळा मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "हे कोण सांगतंय?"

कुणीतरी म्हणालं, म्हाइंभट.

"म्हाइंभट तिथे होते का?"

वर्ग गप्प. मग त्यांनी सांगितलं. म्हाइंभट हे सराळ्याचे पंडित, चक्रधरस्वामींशी वाद घालायला म्हणून आले आणि त्यांचे झाले. स्वामी निघून गेल्यावर, त्यांच्या सहवासातल्या एकेका माणसाला गाठून त्यांनी आठवणी गोळा केल्या, स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून त्या पारखून घेतल्या आणि रिद्धपूरला १२७८ च्या सुमारास ग्रंथ उभा केला. म्हणजे कितीतरी लीळांमध्ये ते स्वतः हजर नव्हते. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि ज्यांना ग्रंथ पाठ होता त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा लिहिला गेला, असं परंपरा सांगते. म्हणून तर पोथ्यांमध्ये एकाच प्रसंगाचे निरनिराळे पाठ जपलेले दिसतात. 

मला हे विलक्षण वाटलं. साडेसातशे वर्षांपूर्वी कुणीतरी गावोगाव फिरून विचारत होतं की बाबा रे, नेमकं काय घडलं, तू स्वतः पाहिलंस का, आणि स्वामी नेमकं काय बोलले? आणि त्यातली काही गावं माझ्या ओळखीची! पैठण तर आमच्या बाजाराचं गाव.

एक लीळा मी कधीच विसरणार नाही. विटाळाबद्दलची. स्वामी म्हणतात, शरीराला नऊ द्वारं आहेत, नाकातून जसा शेंबूड येतो तसाच हाही एक स्राव, त्याचा कसला विटाळ! मॅडमनी ती लीळा इतर लीळांसारखीच वाचली, आवाज खाली न आणता. आम्ही मुली खाली बघत होतो. घरी महिन्याचे ते दिवस कोपऱ्यात काढणाऱ्या आम्ही, आणि समोर तेराव्या शतकातलं हे वाक्य. वाचून झाल्यावर मॅडमनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. ही आठवण म्हाइंभटांना कुणी सांगितली असेल? पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. ती एखाद्या बाईनंच जपली असणार, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. स्वामींच्या भोवती प्रश्न विचारणाऱ्या बायका होत्याच. त्यांची शिष्या महदाइसा तर सतत काही ना काही विचारत असे.

हा एक प्रश्न, 'कोण सांगतंय आणि त्यानं ते कुठून पाहिलंय', मॅडमनी तीन वर्षं आमच्याकडून घोटून घेतला. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना त्यातून दोन लक्ष्मीबाई वेगळ्या दिसायला लागल्या. वडिलांच्या सोवळ्याचा जाच सोसणारी लहान मुलगी एक, आणि पन्नास-साठ वर्षांनी तेच हसत हसत सांगणारी म्हातारी दुसरी. दुःख मुलीचं आणि हसू म्हातारीचं. ते दोन्ही एका वाक्यात कसं बसतं हे पाहण्यात आमचे दोन तास गेले आणि ते दोन तास मला अजून पुरतायत.

मर्ढेकरांच्या 'पिपांत मेले ओल्या उंदिर' या कवितेपाशी मात्र हा प्रश्न अडला. 'मी' नाही, सांगणारा सापडत नाही. एक मुलगा म्हणाला, कवीच बोलतोय. दुसरी म्हणाली, मेलेला उंदीरच बोलतोय. मॅडम म्हणाल्या, "सापडत नाही ना? मग तसंच राहू दे. कुणीच बोलत नसताना हे ऐकू येतंय, याची भीती वाटते का बघा." १९४७ च्या संग्रहातली ती कविता. ती कशाबद्दल आहे यावर गाईडमध्ये दोन पानं होती, पण मला ती कविता कळली ती त्या भीतीमुळे.

आता कोर्टातलं. नावगाव सांगत नाही. एक आजी साक्षीला होत्या. "तुम्ही तिथे होतात का?" "होते की." उलटतपासात वकिलांनी सावकाश विचारलं तेव्हा कळलं, आरडाओरडा ऐकून त्या धावल्या आणि पोचल्या तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पण त्या खोटं बोलत नव्हत्या. वाड्यातलं सगळं आपल्या डोळ्यांसमोरच घडतं अशा समजुतीनं जगलेली ती बाई. साक्ष प्रथमपुरुषी लिहिली जाते, 'मी पाहिले', 'मी ऐकले', 'मला नंतर समजले'. या तीन क्रियापदांत एखाद्याचं अख्खं आयुष्य इकडचं तिकडे होतं. टाइप करताना माझे कान त्या जागी आपोआप टवकारतात. ते मला म्हाइंभटांनी शिकवलं.

तुमच्या साहित्याच्या वर्गानं तुम्हाला काय दिलं? भाचीला हा धागा वाचायला देणार आहे, तेव्हा मोकळेपणानं लिहा.

---

गोदातीर

फार सुंदर लिहिलंय ताई. मीही पैठणचाच. स्वामी जिथे जिथे राहिले त्या जागांचं वर्णन करणारी 'स्थानपोथी' तुम्ही वाचली नसेल तर जरूर वाचा. कुठलं देऊळ, दार कुठल्या दिशेला, पटिशाळा म्हणजे पडवी कुठे, इतकं बारकाईनं. मी इतिहासाचा विद्यार्थी, पण आमच्या भागाचा चौदाव्या शतकातला नकाशा मला मराठी विभागाच्या कपाटात सापडला.

---

तिसरा प्रहर

रानजाईताई, लेख आवडला, पण एका गोष्टीशी सहमत नाही. तुम्ही जे श्रेय अभ्यासक्रमाला देताय ते तुमच्या मॅडमचं आहे.

मीही मराठी घेऊनच पदवी घेतली, एका मोठ्या शहरात. कॉलेजचं नाव घेत नाही. आम्हाला तीन वर्षं नोट्स उतरवून दिल्या. 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' आणि 'टिपा लिहा' यांची उत्तरं तयार. नेमलेली कादंबरी न उघडता मला प्रथम वर्ग मिळाला. वर्गातल्या निम्म्या मुलांनी ती विकतही घेतली नव्हती. 'कवीच्या निसर्गप्रेमाचे स्वरूप विशद करा', उत्तरात सहा मुद्दे आणि प्रत्येकाला एक ओळ उदाहरण. बालकवींची कविता मला आवडायला लागली ती कॉलेज सुटल्यावर दहा वर्षांनी, एका पावसाळ्यात कोकणात असताना.

तुमच्या भाचीला हेही कळायला हवं. चांगला शिक्षक भेटला तर सोनं, नाही तर तीन वर्षं माती. मला त्या तीन वर्षांचं आजही वाईट वाटतं, कारण मी हौसेनं गेलो होतो.

---

रानजाई

तिसरा प्रहर, तुमचं दुःख पोचलं. हौसेनं गेलेल्या मुलाला नोट्स उतरवायला बसवणं हा अन्यायच आहे. मॅडमचं श्रेय मॅडमचंच, त्यात वाद नाही.

तरी अभ्यासक्रमाची बाजू मी घेणार. आमच्या घरात लीळाचरित्र येण्याची कुठलीही शक्यता नव्हती. मी वाचनालयात गेले असते तर कथा-कादंबऱ्या उचलल्या असत्या. सातशे वर्षांपूर्वीचं गद्य कुणी आपणहून उचलत नाही. ते नेमलं होतं, परीक्षेला होतं, ग्रंथालयात त्याच्या सात-आठ प्रती होत्या, म्हणून ते माझ्या हातात आलं. कुठल्यातरी अभ्यासमंडळात बसलेल्या माणसांनी हट्टानं ते पुस्तक यादीत ठेवलं, त्यांचीही मी ऋणी आहे. तुम्हालाही ती बालकवींची कविता दहा वर्षांनी कोकणात आठवली, ती कुठून आली होती?

---

तिसरा प्रहर

हे मान्य. कविता तिथूनच आली होती.

---

पाणंद

मी जरा वेगळं लिहितो. साहित्याच्या वर्गात सगळे एकाच जागेवरून वाचत नसतात.

आम्हाला शेवटच्या वर्षाला दया पवारांचं 'बलुतं' हे आत्मकथन होतं. १९७८ चं पुस्तक. मी आमच्या गावच्या बौद्धवाड्यातला. ज्या दिवशी सरांनी ते सुरू केलं त्या दिवशी वर्गातल्या माना एकेक करून माझ्याकडे वळल्या. वाईट हेतूनं नाही, पण वळल्या. कथा दगडू पवारची आणि बघणं माझ्याकडे. मला वाटलं, उद्यापासून या तासाला बसायचं नाही. माझ्या आजीनं जे मला कधी सांगितलं नाही ते इथे चाळीस जणांसमोर मोठ्यानं वाचलं जाणार, आणि प्रत्येक पानाला कुणीतरी माझा चेहरा तपासणार.

सरांच्या ते लक्षात आलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं आणि पुढच्या बाकावरच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या मुलाला विचारलं, "बलुतं घेणारा या पुस्तकात आहे. बलुतं देणारा कुठे आहे, शोध." तो मुलगा गांगरला. सर म्हणाले, आजच नको, आठवडाभर शोध. मग त्यांनी सगळ्या वर्गालाच ते काम दिलं. खळ्यावर धान्य कोण मोजतंय, हुकूम कोण सोडतंय, वाड्यात कोण राहतंय, पाणी कोण वरून ओततंय. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्या माना पुस्तकाकडे वळल्या. आपापल्या घराकडेही वळल्या असतील.

रानजाईताईंच्या प्रश्नात मला म्हणून एक भर घालायची आहे. कोण सांगतंय हे तर विचाराच, पण हे चाललेलं असताना गप्प कोण आहे, तेही विचारा. 'बलुतं'ची रचनाच बघा. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतोय. एकाच माणसाचे दोन भाग, एक गावकुसाबाहेरचा आणि एक शिकून शहरी झालेला. शिकलेला ऐकतोय आणि दगडू बोलतोय. हे मी वर्गात शिकलो नसतो तर निव्वळ दुःखाची हकिगत म्हणून पुस्तक वाचून बाजूला ठेवलं असतं. त्या रचनेनं मला माझ्याच आयुष्याकडे बघायला जागा दिली. मी आज नोकरीनिमित्त पुण्यात असतो, गावी गेलो की बोली बदलते, आणि त्या दोघांचं बोलणं माझ्या आत रोज चालू असतं.

तो शेतकऱ्याचा मुलगा आज माझा जवळचा मित्र आहे. त्यानं तेव्हा काय शोधलं ते त्यानंच सांगायचं, मी नाही.

---

रानजाई

पाणंददादा, हा प्रतिसाद भाचीला मी आधी वाचून दाखवला. "गप्प कोण आहे" हे तिनं वहीत लिहून घेतलं. तुमच्या सरांना नमस्कार.

---

पाटी-पेन्सिल

मी एका ग्रामीण महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो, म्हणून शिकवणाऱ्याच्या बाजूनं दोन शब्द.

सत्र पद्धतीत हाताशी वेळ फार थोडा असतो. नव्या धोरणात श्रेयांकांची मांडणी बदलली, पुस्तकाऐवजी उतारे आले. अख्खी कादंबरी वर्गात वाचणं आता जवळपास अशक्य झालंय. तिसरा प्रहर यांनी ज्या नोट्सबद्दल लिहिलं त्या अशाच वेळेच्या दबावातून जन्मतात. समर्थन करत नाही, कारण सांगतोय.

माझा एक उपक्रम चांगला चालतो, तो सांगतो. ओवी शिकवायची असते. ज्ञानेश्वरीतली ओवी आणि जात्यावरची ओवी. व्याख्या लिहून द्यायच्या आधी मी मुलांना सांगतो, घरी आजीला, मावशीला, शेजारच्या म्हातारीला गाठा आणि निदान दोन ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा. पहिल्या वर्षी मला वाटलं कुणी आणणार नाही. वर्ग भरून ओव्या आल्या! काही आज्या तर जातं नसताना, नुसता हात गोल फिरवत गायल्या. हात फिरल्याशिवाय ओळ आठवेना म्हणे.

मग वर्गात आम्ही ऐकतो आणि विचारतो, बाई इथे कुणाशी बोलतेय? एकीत भावाशी, एकीत विठ्ठलाशी, एकीत थेट जात्याशीच. एका मुलीच्या आजीची ओवी सासरच्या माणसांबद्दल होती, पण बोलणं सगळं सीतेशी. स्वतःचं दुखणं थेट सांगायची सोय नाही, म्हणून सीतेला सांगायचं. हे त्या मुलीनं वर्गात स्वतः उलगडून दाखवलं, मी नाही. आपली आजी कविता करते हे तिला त्या दिवशी कळलं. यात भर म्हणून पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जमवलेला ओव्यांचा संग्रह दाखवतो. लाखाच्या वर ओव्या आहेत, आणि 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकायलाही मिळतात, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. नाव-गाव असणं फार महत्त्वाचं. मुलं ते बघतात आणि आपल्या रेकॉर्डिंगलाही आजीचं पूर्ण नाव देतात.

तासाला बांधलेलं मानधन, तेही वेळेवर नाही, अशी आमची नोकरी आहे. तरी त्या तासासाठी मी जातो.

---

केळीचं पान

मी जळगाव जिल्ह्यातली. लग्न लवकर झालं, शिक्षण बारावीला थांबलं. मुलं मोठी झाल्यावर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, मराठी घेऊन. रविवारी संपर्क सत्राला जायचं, बाकी आठवडा स्वयंपाक आटोपून रात्री वाचायचं.

पुस्तकात बहिणाबाई आल्या आणि मी हरखूनच गेले. आमच्या घरात, शेतात जी बोली, तीच छापलेली, तीही विद्यापीठाच्या पुस्तकात. शाळेत बाईंनी या बोलीबद्दल आम्हाला किती रागावलं होतं! सासूबाईंना कविता वाचून दाखवली तर त्या म्हणाल्या, हे त्या पुस्तकवाल्यांना कोणी सांगितलं?

त्याच प्रश्नानं मी खोलात गेले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि घरातली मंडळी, मुलगा सोपानदेव, ते उतरवून घ्यायची. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. रानजाईताई म्हणतात तसं बोलणारी एक, लिहिणारा दुसरा. पाटी-पेन्सिल सरांच्या आज्यांची गोष्ट वाचली आणि वाटलं, गावोगावी अशा किती जणी असतील ज्यांच्या घरात लिहून घेणारं कुणी नव्हतं.

मी सासूबाईंचं म्हणणं लिहायला घेतलंय. त्यांच्या कहाण्या, कानबाईची गाणी, शेतातली गाणी. दोन वह्या भरल्या. माझी पदवी तिथे कामाला आली. शुद्ध करत बसत नाही, त्या बोलतात तसं लिहिते.

---

वर्धाकाठ

सर्वांना दंडवत प्रणाम.

आमचं घर महानुभाव. लीळाचरित्र आमच्यासाठी साहित्य नव्हे, देवाचं चरित्र. आश्रमात ते ऐकताना कुणी मध्ये बोलत नाही. मी बी.ए.ला मराठी घेतलं आणि तोच ग्रंथ वर्गात आला. 'गद्याची वैशिष्ट्ये', 'संवादांतील नाट्य' असं कुणी बोलू लागलं की मनाला लागायचं. देवाच्या शब्दांत नाट्य काय शोधता, असं वाटायचं. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, ऐकून घे, पण पुस्तकावर पाय लागू देऊ नकोस.

हळूहळू एक गोष्ट उमगली. परीक्षा करणारे प्रश्न बाहेरून आलेले नाहीत, ते पंथातच आहेत. म्हाइंभटांनी विचारल्याशिवाय काहीच लिहिलं नाही. आमच्या पूर्वजांनी पाठभेद झाकले नाहीत, जपले. इतका काळ सकळ या पंथाच्या सांकेतिक लिपीत हा ठेवा सांभाळला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा कुठे बाहेरच्या अभ्यासकांपुढे हे गद्य आलं. भक्तीनं सांभाळलं म्हणून वर्गाला मिळालं. आणि वर्गात मी ज्या सावकाशीनं एकेक वाक्य वाचलं तितक्या सावकाशीनं आश्रमातही वाचलं नव्हतं, हे मी वडिलांनाही सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या वेळी वाचताना मधेच थांबून मला अर्थ विचारला.

मला आजही दोन्ही वाचनं लागतात. एकानं दुसरं खोडून निघत नाही.

---

दिल्ली मुक्काम

स्पर्धा परीक्षेला मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेतलाय. इथे वाचन गुणांसाठी, हे मान्यच. तरी 'स्मृतिस्थळ' हा नागदेवाचार्यांच्या आठवणींचा ग्रंथ वाचताना एक जागा आली. त्यांचे शिष्य केशवदेव संस्कृतात लिहू पाहतात तेव्हा नागदेवाचार्य त्यांना अडवतात, कारण त्यामुळे "माझिया म्हातारिया नागवतील", म्हणजे वंचित राहतील. खोलीत एकटाच होतो, पुस्तक मिटून बसून राहिलो. ज्ञान कुणासाठी लिहायचं याचा असा निर्णय, आणि तो म्हाताऱ्या बायकांच्या बाजूनं! उद्या प्रशासनात गेलो तर सरकारी परिपत्रकं कशा भाषेत लिहायची, याचा विचार मी या वाक्यापासून सुरू करीन.

उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरीही मी वाचली. मी अमरावतीचा. तिची नायिका कौतिक बोलते ती माझी वऱ्हाडी आहे.

---

मांडवीकाठ

आम्ही गोव्यात मराठी घेऊन शिकलो, तिथे फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' होतं. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट, आमच्या सासष्टीत येऊन राहिला आणि त्यानं ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली. १६१६ मध्ये राचोलला छापलेलं, तेही रोमन लिपीत. सुमारे ११ हजार ओव्या. मी हिंदू घरातली आणि माझ्या बाकावरची मैत्रीण ख्रिस्ती. तिला ओवीचा ठेका अनोळखी, मला बायबलची कथा अनोळखी. दोघींनी मिळून वाचलं, मी चाल लावायची आणि तिनं गोष्ट सांगायची.

रानजाई यांचा प्रश्न इथे फार कठीण होतो. जुनी दैवतं, जुनी पुराणं ज्यांच्याकडून गेली त्या लोकांना हे नवं पुराण सांगितलं जातंय. सांगणाऱ्याची मराठीवरची माया खरी आहे आणि ज्या राज्यात तो हे सांगतोय तिथली सक्तीही खरी आहे. परीक्षेत मी भाषेच्या गोडव्यावर लिहिलं. मैत्रिणीनं सक्तीवर लिहिलं. दोघींना चांगले गुण मिळाले, आणि आमचा वाद अजून मिटलेला नाही.

---

सप्तपर्ण

इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी. ब्राउनिंगची १८४२ ची 'माय लास्ट डचेस' ही कविता आम्हाला होती. त्यात सगळं बोलणं ड्यूकचं, मेलेल्या बायकोच्या चित्रासमोर उभं राहून, पुढच्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या माणसाशी. ती बिचारी एक शब्दही बोलत नाही. पाणंद यांचा 'गप्प कोण आहे' हा प्रश्न वाचला आणि ती कविता पुन्हा काढून वाचली. आमच्या वर्गात सगळी चर्चा ड्यूकच्या स्वभावावर झाली होती. ती कशाला हसायची, कुणाला धन्यवाद द्यायची, एवढं सगळं त्याच्याच तोंडून निसटून गेलंय आणि त्यातून तीच जास्त दिसते.

---

हिशेबनीस

मी वाणिज्य शाखेचा, बँकेत आहे. एवढं वाचून लीळाचरित्र वाचायची इच्छा झाली. कुठून सुरू करू? जुनी मराठी अजिबात येत नाही.

---

रानजाई

हिशेबनीसदादा, अख्खा ग्रंथ एकदम हातात घेऊ नका. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे त्याचे भाग आहेत. शं. गो. तुळपुळे यांनी संपादित केलेली आवृत्ती जुन्या ग्रंथालयात मिळते, नाही तर पदवीच्या अभ्यासक्रमासाठी निघालेलं एखादं निवडक लीळांचं पुस्तक घ्या, त्यात मागे शब्दार्थ असतात. लीळा छोट्या असतात, अर्धं पान, पाऊण पान.

पहिल्यांदा शब्दार्थ न बघता मोठ्यानं वाचा. 'गोसावी' म्हणजे चक्रधरस्वामी आणि 'भटोबास' म्हणजे नागदेवाचार्य, एवढं माहीत असलं की पुष्कळ झालं. कानाला अर्ध्याहून जास्त कळतं, विशेषतः तुमच्या घरात मराठवाडी किंवा वऱ्हाडी बोलत असतील तर. मग शब्दार्थ घेऊन दुसऱ्यांदा. तत्त्वज्ञानाच्या लीळा सुरुवातीला सोडून द्या, माणसांच्या घ्या. कोण कुठून आलं, काय खाल्लं, कशावरून रुसलं. अडलं की इथेच विचारा.

---

वर्धाकाठ

यात एक भर. वाचण्याआधी ऐकायचं असेल तर अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला या, मोर्शी तालुक्यात आहे. आश्रमातल्या वाचनाची वेळ आधी विचारून घ्या. आमची म्हातारी माणसं कोणालाही शेजारी बसवून अर्थ सांगतात, पंथातला असो वा नसो.